पाठ टेकल्यानंतर

माझ्या घरात दोन पुरुष आहेत आणि दोघांनाही मारामारी येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक विचारतात, तुमचे मिस्टर पैलवान होते का? कसले पैलवान! रेल्वेत इंजिनिअर आहे तो, पूल तपासतो, आणि घरातला गॅस सिलिंडर हलवायचा झाला तर आधी कमरेला पट्टा बांधतो. मुलगा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला. त्याने जन्मात डासांखेरीज कुणावर हात उचललेला नाही, आणि डासांसाठीही त्याला विजेची रॅकेट लागते. तरी दोघांचा पक्का समज, की वेळ आली तर आपण कमी पडणार नाही. का, तर दोघांनी मारामारी भरपूर पाहिलेली. नुसतं पाहून पोहता येत नाही हे कुणीही सांगेल, पण नुसतं पाहून लढता येतं असं निम्म्या जगाला वाटतं.

नवऱ्याचं गाव सांगलीकडचं, नदीकाठचं. घराच्या मागे तालीम. पहाटे शड्डूच्या आवाजाने जाग यायची, हे तो अजून पाहुण्यांना सांगतो. स्वतः मात्र लाल मातीत कधी उतरला नाही. पोरगं शिकणारं आहे, हातपाय मोडून घेईल, म्हणून सासूबाईंनी उतरू दिलं नाही. पण जत्रेतलं एकही मैदान त्याने चुकवलं नाही. त्यामुळे लढाई म्हटली की त्याच्या लेखी तिचे कायदे ठरलेले. मांडीवर थाप मारून शड्डू ठोकायचा, म्हणजे समोरच्याला आव्हान. मग धरायचं. आणि एकाची पाठ जमिनीला टेकली की संपलं. वरचा उठतो, खालच्याला हात देतो, दोघं माती झाडतात. ज्याची पाठ टेकली तो हरला, पण त्याला कुणी पुढे मारत नाही.

मुलगा लखनौत वाढला. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देतो. त्याने लढाई पाहिली ती फोनवर. जाळीच्या पिंजऱ्यात दोन माणसं सोडलेली असतात, त्यांना मारायला, धरायला, गळा आवळायला मुभा असते. जेवताना, आंघोळीला जाता जाता, दात घासताना तो हेच बघायचा. मला त्या फोनचा इतका वीट आला होता की एकदा मटार सोलता सोलता मीही शेजारी बसून बघितलं. मी एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करते, बघत राहणं हाच माझा धंदा. बघितलं तर एकाने दुसऱ्याचा गळा काखेत आवळलेला, आणि आवळलेला माणूस त्याच्या पाठीवर पटापट थापा मारतोय.

"मरायला टेकलाय आणि वर मारतोय काय?" मी म्हटलं.

"मार नहीं रहा आई, टॅप कर रहा है. मतलब बस. टॅप किया तो छोड़ना ही पड़ता है."

"नाही सोडलं तर?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू असला प्रश्न फक्त आईच विचारू शकते. "ऐसा कोई नहीं करता," तो म्हणाला.

मला गंमत वाटली होती. नवऱ्याच्या गावात थाप मारून लढाई सुरू होते आणि मुलाच्या फोनमध्ये थाप मारून संपते. हे नवऱ्याला सांगायचं म्हणून मी मनात ठेवलं, आणि कुकरच्या शिट्टीत विसरून गेले.

आमचं घर लखनौच्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत, कोपऱ्यावरचं. समोर एक तरुण माणूस राहतो, तिशीचा असेल, जमिनींच्या खरेदी-विक्रीचं काम करतो. त्याने जी गाडी घेतली ती त्याच्या फाटकात मावत नाही, म्हणून आमच्या फाटकापुढे लावतो. लग्नसराईचे दिवस होते, रविवार होता, आणि नवऱ्याला सकाळीच कुठल्याशा पुलावर जायचं होतं. मी वरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली समोरचा आपली गाडी पाइपने धूत होता. आमच्याच फाटकापुढे.

"भाईसाहब, गाड़ी हटा लीजिए, ड्यूटी पे जाना है."

"हटा लेंगे अंकल, धो तो लें."

त्या 'अंकल'ने घात केला. नवरा केसांना रंग लावतो, त्या माणसाने निदान तेवढं तरी बघायचं. पुढे आवाज चढले, पण लखनौचा रिवाज बघा, 'आप' काही सुटला नाही. आप आवाज़ नीची रखिए, आप हाथ नीचे रखिए, आप जानते नहीं हम कौन हैं, असं आप-आप करतच दोघं एकमेकांच्या कॉलरपर्यंत पोचले.

आणि मग मी जे पाहिलं त्याला मी आजही हसते आणि हसून झाल्यावर मला कसंतरी होतं. समोरच्याने पाइप टाकला, दोन्ही मुठी हनुवटीपाशी आणल्या आणि टुणटुण उड्या मारायला लागला. पायात रबरी स्लिपर. माझा नवरा कमरेत वाकला, दोन्ही हात पुढे पसरले आणि गोल फिरू लागला. उजवा हात मांडीकडे गेलाही, मग ऑफिसची पँट आठवली असावी. त्या गल्लीत एकही माणूस कधी तालमीत गेला नव्हता की पिंजऱ्यात. तरी दोघं आपापल्या ठिकाणी शिकून आल्यासारखे उभे होते.

नवऱ्याने झेप घेतली आणि त्याची कंबर धरली. त्याची ट्रॅक पँट निम्मी खाली आली. दोघं गाडीला आपटले, पाण्यात पाय घसरला, आणि नवरा सरळ उताणा पडला. डोकं आपटलं नाही, देवाची कृपा. पाठ टेकली.

त्या क्षणी त्याने काय करावं? अंग सैल सोडलं. हात बाजूला टाकले. त्याच्या चेहऱ्यावर कटकट संपल्यासारखा भाव आला, हरलो तर हरलो, आता हा हात देईल, मी उठेन, पुलावर जायला तसाही उशीर झालाय. मी वरून तो चेहरा स्वच्छ पाहिला.

समोरचा त्याच्या छातीवर बसला आणि तोंडावर ठोसे मारायला लागला.

तिसऱ्या घरातले निवृत्त काका माकडटोपी घालून फाटकात उभे होते. ते ओरडले, "अरे चित हो गया भाई! चित हो गया, अब उठो!" त्यांना कायदा माहीत होता. त्यांनीही तरुणपणी नागपंचमीचे दंगल, म्हणजे तिकडची कुस्तीची मैदानं, पाहिली असणार. पण वरच्याला त्या कायद्याचा पत्ताच नव्हता. मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. पोचले तेव्हा मुलाने मागून धरून त्याला ओढून काढलं होतं आणि नवरा भुवईला हात लावून बोटांवरचं रक्त बघत होता.

भुवईला टाके पडले. डॉक्टर टाके घालत होते आणि हा माझा हात धरून एकच वाक्य म्हणत होता, "पाठ टेकली होती गं माझी." डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं पाठ दुखते, त्यांनी एक्स-रे लिहून दिला.

परत येताना गाडी मुलगा चालवत होता. तो पुढे बघत म्हणाला, "बाबा, नीचे गिरने के बाद ही तो असली फ़ाइट शुरू होती है. आप ढीले क्यों पड़ गए?"

कोणत्याही विषयावर काहीतरी बोलणारा माझा नवरा खिडकीबाहेर बघत बसला. मला तिथूनच अस्वस्थ वाटायला लागलं.

संध्याकाळी गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी समोरच्याला आमच्या घरी आणलं. हातात मिठाईचा डबा, तोंड एवढंसं. त्याने हात जोडले. मी चहा ठेवला, पण साखर घातली नाही, तेवढा तरी सूड. तो नवऱ्याला म्हणाला, "अंकल, क़सम से, आप एकदम ढीले होके लेट गए, हमको लगा दाँव है. नीचे वाला ही तो टाँग फँसा के गला पकड़ लेता है. हम तो डर के मारे मारे जा रहे थे."

म्हणजे हा शरण गेला होता आणि तो घाबरला होता. मला हसू फुटत होतं, पण नवऱ्याकडे बघून गिळलं. गाडी दुसऱ्या दिवसापासून पार्कच्या भिंतीला लागायला लागली. भांडण मिटलं. समोरचा आता दिसला की लांबून नमस्ते करतो.

नवऱ्याचं दुखणं समोरच्याशी नव्हतंच. मुलाने पाहिलं, हे त्याला खुपत होतं. मुलाला पुण्यात नोकरी लागली होती, होळीच्या आधी जायचं होतं. मराठी न बोलणारा पुण्याला निघालेला, यावर आम्ही रोज त्याची चेष्टा करायचो, ती बंद झाली. नवरा घरात फिरायला लागला. पाणी प्यायला उठायचा आणि न पिताच परत यायचा. आरशात भुवई बघायचा. मुलगा खोलीतून बाहेर आला की हा टीव्हीचा आवाज उगाच कमी-जास्त करायचा. आणि त्या दोघांच्या मध्ये मी, कानोसा घेत. मला मुळात एका जागी बसवत नाही, त्यात हे. मी एका आठवड्यात सगळी कपाटं लावली.

मग एका रविवारी नवऱ्याने स्वतःच विचारलं, "काय रे, ते खाली पडल्यावरचं काय असतं, दाखव जरा."

मुलाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सुटले. लहानपणी सायकल शिकवताना जो चेहरा बापाचा असायचा, तो आता पोराचा. जानेवारी होता, धुकं फाटून अकराच्या सुमाराला गच्चीवर ऊन यायचं. त्यांनी वरती जुन्या गाद्या नेल्या. मी स्वेटर विणायचं निमित्त काढून तिथेच बसले. सुरुवातीला खूप हसले दोघं. नवरा पाठ टेकली की सवयीने ढिला पडायचा आणि मुलगा ओरडायचा, "बाबा, ख़त्म नहीं हुआ! हिलो!" पुढच्या रविवारी नवऱ्याने त्याला ढाक का कुठलासा डाव दाखवला, तो नीट आला नाही आणि दोघं तुळशीच्या कुंडीवर पडले. मी ओरडले, पण मनातून सुखावले होते.

टॅप काय असतो, हे मुलाने बापाला सांगितलं नव्हतं. ते सांगायची गोष्ट आहे असं त्याला वाटलंच नाही. त्याच्या सगळ्या मित्रांना माहीत असतं, म्हणजे जगाला माहीत असतं.

त्या शेवटच्या रविवारी मुलाने बापाला पाडलं आणि छातीवर बसला. हसत होता. गमतीने त्याने मूठ उगारली, अगदी भुवईच्या वर, आणि म्हणाला, "अब बोलो, क्या करोगे?"

मी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि विणकाम खाली ठेवलं. तो चेहरा गच्चीवर नव्हताच. तो खाली फाटकापुढच्या पाण्यात पडलेला होता. त्याने सगळं अंग उसळवलं, मुलगा तोल जाऊन पुढे आला, आणि नवऱ्याने त्याची मान काखेत धरली. धरून वळला, वर आला आणि आवळली.

मुलाने त्याच्या पाठीवर थाप मारली. दोनदा. मग परत, जोरात.

"अजून रग आहे?" नवरा दातओठ खात म्हणाला. "अजून? ठोक, ठोक शड्डू!"

तो जितक्या थापा मारत होता तितका हा जास्त आवळत होता. थापा म्हणजे काय हे मला माहीत होतं. त्या गच्चीवर दोन्हीकडचं माहीत असलेली मी एकटी होते. मी ओरडले, "सोड! तो बस म्हणतोय!"

"कुठे म्हणतोय? बोलू दे की तोंडाने!"

तोंडाने कसा बोलणार, गळा याच्या काखेत. मुलाचा हात आता थापा मारेनासा झाला होता. नुसता पाठीवरून घसरत होता.

आम्हा बायकांना कुणी लढायला शिकवत नाही. आमच्या वाट्याला ना तालीम ना पिंजरा. मी नवऱ्याचा हात ओढला, हलला नाही. केस ओढले, हलला नाही. मग मी वाकले आणि कोपराखाली त्याच्या हाताला कडकडून चावले. रक्ताची चव आली तोपर्यंत सोडलं नाही. त्याने किंचाळून हात काढला.

मुलगा गादीवर पडला. चेहरा जांभळा, डोळे लाल. क्षणभर काहीच हालचाल झाली नाही, आणि तो क्षण आठवला की मी आजही हातातलं काम टाकून उठते. मग त्याने मोठा श्वास घेतला, खोकला, उठून बसला. नवरा हात धरून उभा होता, काय झालं ते न कळून. मुलाने त्याच्याकडे पाहिलं.

"मैंने टॅप किया था," तो म्हणाला. आवाज फाटलेला. "टॅप किया था मैंने."

"म्हणजे काय?" नवऱ्याने विचारलं.

मुलगा जिना उतरून गेला. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं, सगळं ठीक निघालं. गळ्यावर लाल पट्टा होता, तो काही दिवसांनी गेला. नवऱ्याला मीच सांगितलं, गच्चीवरच, टॅप म्हणजे काय ते. त्याने ऐकून घेतलं आणि गादीवर खाली बसला. ऊन सरकून गेलं तरी तसाच बसला होता.

त्यानंतर घरात बोलणं राहिलं ते एवढंच, की पाणी गरम आहे, भाजी कुठली करू. मुलगा बापाशी बोलत नव्हता. हिंदीतही नाही. मी त्याच्या खोलीत गेले.

"त्याला माहीत नव्हतं रे."

"सबको पता होता है, आई."

"सगळ्यांना नसतं."

"तो उनको क्या लगा? मैं क्या कर रहा था?"

"त्याला वाटलं तू शड्डू ठोकतोयस."

"वो क्या होता है?"

घ्या. म्हणजे बाप इतकी वर्षं पाहुण्यांना सांगतोय, आणि याला तेही माहीत नव्हतं. मी उभी राहिले आणि त्याच्या बापासारखी मांडीवर थाप मारून दाखवली. साडीवर ती नीट वाजत नाही. सांगितलं, की याचा अर्थ, ये, दम असेल तर ये. मुलाच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं.

"मतलब मैं बोल रहा था बस, और वो सुन रहे थे आओ," तो म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. "मगर आई, मैं उनका बेटा हूँ. वो इतना ज़ोर किसपे लगा रहे थे?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी द्यायचं नव्हतं. मी बाहेर येऊन नवऱ्यावर चिडले. जाऊन बोल त्याच्याशी, माफी माग, बाप म्हणून काय अडकलंय? तो म्हणाला, "काय सांगू? माहीत नव्हतं म्हणून? ते त्याला तू सांगितलंसच की." आणि परत फेऱ्या मारायला लागला.

आधी त्याची एक सवय होती. मुलगा जवळून गेला की पाठीत एक धपका द्यायचा, उगाचच. मुलगा लहानपणापासून त्यावर वैतागायचा. आता बोळकांडीत दोघं समोरासमोर आले की नवरा भिंतीला टेकून वाट द्यायचा, दोन्ही हात मागे बांधून. आपल्याच हातांची भीती बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. चाव्याचा व्रण झाकायला तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ऑफिसला जायचा. मला त्याची दया यायची आणि दया आली म्हणून पुन्हा राग यायचा.

एकदा तो बाल्कनीत कानाला इअरफोन लावून फोन बघत बसलेला दिसला. पिंजऱ्यातली मारामारी. बघता बघता त्याचं बोट खुर्चीच्या हातावर हलायचं. टक टक. परत मागे नेऊन तेच बघायचा. परत टक टक.

मी कणीक मळत होते तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. दार ओढून घेतलं. "माझी मान धर," म्हणाला.

"माझे हात कणकेचे आहेत."

"असू दे. मागून धर. जोरात."

मी धरली. पन्नाशी उलटलेली बाई, नवऱ्याची मान कोपरात धरून ओट्यापाशी उभी. त्याने माझ्या हातावर दोन थापा मारल्या, मी सोडलं. मग म्हणाला, आता मी धरतो. मी नको म्हटलं असतं, पण त्याचा चेहरा बघून मान पुढे केली. त्याने हात माझ्या गळ्याभोवती नुसता ठेवला, दाब काहीच नाही. मी एक थाप मारली. दुसरी मारायच्या आत हात निघालेला होता.

"लगेच सोडलं ना?"

"लगेच सोडलंस."

"उशीर नाही ना झाला?"

"नाही रे बाबा."

"परत कर," तो म्हणाला.

आम्ही परत केलं. त्याच्या कॉलरला कणीक लागली होती. मला रडू आलं, आणि मी कांदा चिरत नसल्यामुळे ते लपवायला काही नव्हतं.

मुलाच्या जायच्या दिवशी आम्ही तिघं चारबाग स्टेशनवर गेलो. नवऱ्याने सगळं आधीच बघून ठेवलं होतं, डबा कुठे लागणार, बर्थ खिडकीचा आहे का, बॅगेची साखळी. रेल्वेचा माणूस, काळजी करायची तर त्याला तेवढंच येतं. मुलगा बाजूला उभा राहून मोबाइल बघत होता. हमाल डोक्यावर बॅगा घेऊन "हटिए, हटिए" करत मधून जात होते आणि आम्ही तिघं प्रत्येक वेळी वेगळे होऊन परत जवळ येत होतो. आता हा असाच जाणार, मग दिवाळीपर्यंत दोघं फोनवर "आईला दे", "देतो" एवढंच म्हणणार, मग ती सवय होणार. घराघरात असे बापलेक मी पाहिलेत. एका गोष्टीवरून बोलणं थांबतं आणि पुढे गोष्ट विसरली जाते, थांबणं तेवढं राहतं.

गाडी लागली. सामान चढवून मुलगा खाली उतरला. माझ्या पाया पडला, मी त्याला जवळ घेतलं. मग तो बापाच्या पाया पडायला वाकला. उठत होता, तेवढ्यात नवऱ्याने त्याला मिठी मारली.

आमच्या घरात ही रीत नाही. नवऱ्याने स्वतःच्या वडिलांना कधी मिठी मारली नसेल. लखनौत इतकी वर्षं काढून, ईद-होळीला गळाभेटी घेऊनही तो नेहमी अर्धाच पुढे व्हायचा. पण त्या दिवशी त्याने दोन्ही हातांनी धरलं आणि घट्ट धरलं. मुलगा आधी नुसता उभा राहिला. मग त्याचा हात वर आला आणि, कुणीही मिठीत करतं तसं, त्याने बापाच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

नवरा चटका बसल्यासारखा मागे झाला. दोन्ही हात हवेत, तळवे उघडे. मागचा हमाल त्याच्यावर आदळून काहीतरी बोलून गेला. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. "सोडलं," तो म्हणाला. "सोडलं रे. लगेच सोडलं."

मुलाला आधी कळेना. तो माझ्याकडे बघायला लागला. मग त्याची नजर बापाच्या हवेतल्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली.

"अरे वो नहीं था, बाबा," तो म्हणाला. "वो वाला नहीं था."

"नक्की?"

"वो नहीं था. पकड़ो ना."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. दोन्हीकडचं मला कळतं म्हणून. मी मान हलवली. तो पुढे झाला आणि त्याने पुन्हा हात टाकले, पण सैल, जपून, दूध ओसंडायच्या भीतीने पातेलं उचलावं तसे. मुलाने स्वतःच ओढून घट्ट केले.

शिट्टी झाली. मी बघत होते. मुलाने पुन्हा बापाच्या पाठीवर थाप मारली, एकदा, दोनदा, आणि या वेळी नवऱ्याने सोडलं नाही.